धोंडजीचा खंजीर

बिरवाडीच्या अरविंदला नकली वस्तू दाखवणं म्हणजे सोनाराकडे पितळेची बोरमाळ मोडायला नेणं. तीस वर्षं त्याने एमआयडीसीतल्या कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथवर काढली होती. लोखंड आपल्याशी खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा आणि म्हणताना जरा फुगायचाही. निवृत्त झाल्यावर माणसं परसात भाजी लावतात, नातवंडांना शाळेत सोडतात. ह्या गृहस्थाने लढाईतल्या जुन्या वस्तू जमवायला घेतल्या. संगिनी, पाण्याच्या बाटल्या, बक्कलं, पदकं आणि सगळ्यांत लाडके म्हणजे खंजीर. "घरात चमचे ठेवायला जागा नाही आणि ह्यांची पलटण मुक्कामाला उतरलीय," असं त्याची बायको आम्रपाली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

वेडाला कारण होतं. त्याचे आजोबा रामा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले होते. चांदीचं पदक मिळालं होतं, कडेवर त्यांचं नाव कोरलेलं. एका वाईट वर्षी अरविंदच्या वडिलांनी ते महाडच्या बाजारात चांदीच्या भावाने मोडलं. पुढे कमवायला लागल्यावर अरविंद तसलंच पदक शोधत मुंबईच्या चोरबाजारात गेला, तर एका गोडबोल्या दुकानदाराने कुठल्याशा कर्नलच्या विधवेची कहाणी सांगून त्याच्या गळ्यात शिशाचं पदक मारलं. आठ दिवसांत वरचा मुलामा उडाला. तेव्हापासून अरविंदने कानाला खडा लावला. कहाणी ऐकायची नाही, वस्तू बघायची. माणसाच्या जिभेला हाड नसतं, वस्तूला तर जीभच नसते.

आणि खरंच, त्याचा डोळा तयार झाला. नकली खंजिराला मिठाच्या पाण्यात भिजवून, शेणात पुरून गंज चढवतात; तो गंज सगळीकडे सारखा असतो, कारण घाईने चढवलेला असतो. खरा गंज हात पोहोचत नाही तिथे जाऊन बसतो. खरा छाप घाव घालून ठोकलेला असतो, त्याच्या कडा आत दबलेल्या असतात. नकलीवरचा छाप ॲसिडने खाऊन केलेला, उथळ. पात्यावर मशीनच्या ताज्या रेघा दिसल्या, मुठीचे रिवेट चकचकीत निघाले, की अरविंद भिंग खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "घेऊन जा." पुण्यामुंबईचे हौशी लोक त्याला फोटो पाठवायचे. त्याने 'खोटा' म्हटलं की व्यवहार मोडायचा.

अशा माणसाला जुलै महिन्यात खडकवण्याहून फोन आला. खडकवणे म्हणजे पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागल्यावर आत वळून जावं लागणारं डोंगरातलं गाव. सरपंच रितेश हा तरुण गडी. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या गावच्या शिपायांची नावं दगडावर कोरायची आणि पंधरा ऑगस्टला तो दगड शाळेपुढे उभा करायचा, असं गावाने ठरवलं होतं. सरकारी कागदातून अकरा नावं निघाली. बारावं अडलं होतं.

ते बारावं नाव धोंडजीचं. धोंडजी इटलीच्या लढाईत बेपत्ता झाला, एवढाच कागद घरी आला होता. पुढे लढाई संपल्यावर त्याचा सोबती सखाराम एक खंजीर घेऊन आला. धोंडजीने तो एका जर्मन शिपायाकडून झटापटीत हिसकावला, सखारामच्या पिशवीत ठेवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नदी ओलांडताना माझ्या डोळ्यांदेखत बुडाला, असं सखारामने सांगितलं. धोंडजीची बायको येसूबाई तेव्हा बावीस वर्षांची होती. तिने त्या खंजिरावर हात ठेवून कुंकू पुसलं. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? धोंडजी मेलाबिला नाही, तिकडेच एका गोरीबरोबर राहिला आणि बायकोची समजूत काढायला सखारामने मुंबईत हत्यार विकत घेतलं, असं कुणीतरी उठवलं. ऐंशी वर्षं ते गावात फिरत होतं. येसूबाई मरून गेली. धोंडजीची एकुलती एक लेक तुळजाबाई, त्याच घरात घरजावई आणून राहिलेली, आता त्र्याऐंशीची होती. बापाचं नाव दगडावर यावं म्हणून ती ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवत होती. शेवटी रितेश म्हणाला, खंजीर जर्मन निघाला तर सखारामचा शब्द खरा धरू आणि नाव कोरू. बघायला जाणकार माणूस बोलावू.

खडकवणे हे नाव अरविंदला नवं नव्हतं. आजोबा रामा बसऱ्याहून परतले तेव्हा अंगात खाकी, छातीवर पदक अशा थाटात ह्याच गावावरून गेले होते. तहान लागली म्हणून पाणी मागितलं, तर त्यांना ओट्याखाली उभं करून वरून ओंजळीत पाणी ओतलं गेलं. अरविंदच्या घरात हे कुणी रागाने सांगायचं नाही, पण वर्षातून एकदा तरी कुणीतरी सांगायचंच. आता त्याच गावात ग्रामपंचायतीच्या मधोमध त्याच्यासाठी खुर्ची मांडली होती, सरपंच हार घेऊन उभा होता, आणि पन्नास माणसं 'सर, सर' करत होती. अशा वेळी भला माणूसही हरभऱ्याच्या झाडावर चढतो. अरविंद चढला.

तुळजाबाई नात श्रुतिकाचा हात धरून आली. ही नात पनवेलला नोकरीला, त्याच सकाळी एसटीने उतरलेली. म्हातारीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. खंजीर नव्याकोऱ्या टॉवेलात गुंडाळून तिने छातीशी धरला होता. टेबलावर तो उघडताना तिचं तोंड लहान पोरीसारखं खुललं.

"बगा सर. कसा लखलखतोय! तुमी येनार म्हनून मी कालच—"

"एक मिनिट, मावशी," अरविंदने हात वर केला. "गोष्ट नंतर. आधी मला वस्तू बघू द्या."

मावशी गप्प बसली. एवढा मोठा माणूस बघतोय म्हटल्यावर मध्ये बोलू नये, इतकं तिला कळत होतं.

अरविंदने पातं उजेडात धरलं आणि त्याला जे दिसायचं ते लगेच दिसलं. पात्यावर वरपासून खालपर्यंत मशीनच्या ताज्या रेघा. मुठीला पितळेचे नवे रिवेट. मुठीजवळच्या आडव्या पट्टीवर जिथे छाप असायला हवा तिथे नुसतं गुळगुळीत लोखंड. ऐंशी वर्षांचा एक डाग नाही की एक खड्डा नाही. खरं तर मूठ उघडून आतलं लोखंड बघायला हवं होतं. घरी असता तर त्याने ते केलं असतं, वीस मिनिटांचं काम. पण इथे पन्नास माणसं श्वास रोखून बसली होती आणि चहा निवत होता. त्याने मूठ उघडली नाही. त्याने भाषण केलं.

एकेक खोट त्याने बोट ठेवून दाखवली. रेघा दाखवल्या, रिवेट दाखवले, छाप कुठे असतो ते मोबाइलवरच्या फोटोत दाखवलं. माणसं माना डोलावत होती. "हा जर्मन नाही," तो शेवटी म्हणाला. "आपल्याकडेच बनवलेला आहे. लढाईनंतरचा."

मागून एक म्हातारा खाकरला. "आमचा बापूस हेच सांगत व्हता. सखारामानं मुंबईत घेतला म्हनून." कुणीतरी हसलं. फार मोठ्याने नाही, पण हसलं.

तुळजाबाईच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ती अरविंदकडे बघत राहिली. "मंग माजा बापूस, सर?"

"त्याबद्दल मी काय सांगणार, मावशी? मी फक्त वस्तूबद्दल सांगतो."

"माजी आये बावीस वरसांची व्हती," ती म्हणाली. ती आता कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. "चाळीस वरसं रांडपन काढलान तिनं. कुनाच्या हळदीला गेली नाय, कुनाच्या बाळाला वटीत घेतलान नाय. आनि त्यो तकडं जित्ता?"

श्रुतिका तिला उठवू लागली. म्हातारीने टॉवेल टेबलावरच राहू दिला आणि नागडा खंजीर भाजीची जुडी धरावी तसा हातात धरून ती पायऱ्या उतरली.  मग रितेशने कागद पुढे केला, त्यावर 'सदर खंजीर जर्मन बनावटीचा नाही' असं लिहून त्याने सही केली. खरं बोलणं कडू असतं, असं त्याने हमरस्त्याला लागेपर्यंत स्वतःला तीनदा सांगितलं. तीनदा सांगावं लागलं, ह्यातच काय ते समजायला हवं होतं.

पंधरा ऑगस्टला दगड उभा राहिला. अकरा नावं. अरविंदला शाल-श्रीफळ मिळालं. त्याची नजर बायकांच्या बाजूला दोनदा गेली, पण तुळजाबाई आली नव्हती.

दसरा होऊन गेल्यावरची गोष्ट. पोलादपूरला भरत लोहाराची भट्टी आहे, शेजारी धार लावायचं विजेवरचं चाक. अरविंदला काचेच्या कपाटात संगिनी टांगायला लोखंडी आकडे हवे होते, ते करून घ्यायला तो गेला. भरतने त्याला ओळखलं आणि खुशीत येऊन स्टूल पुसून दिलं.

"सर, ते खडकवण्याच्या म्हातारीचं काम कसं झालं व्हतं? तुमी बगितलंव ना? तुमच्यासाटीच घासलेला."

नमुन्याचा आकडा निरखत असलेल्या अरविंदने मान वर केली. "काय घासलेला?"

"खंजीर हो! आदल्या दिवशी आलती ना मावशी, पावसात, चालत. म्हनली, मोठा सायब येनार हाय बगायला, त्येच्यापुढं काळामिच्च हत्यार कसं ठेवू? लख्ख कर म्हनली. मी चाकावर धरला, पार कोऱ्या कागदावानी केला. पट्टीवर बारीकबारीक कायतरी व्हतं, पाखरू नि आकडे, ते पन साफ केलं. रिवेट सडलेलं, ते नवं घातलं. पैसं पन घेतलं नाय. म्हातारीचा बापूस, म्हनलं, जाऊं दे."

भरत कौतुकाची वाट बघत होता. अरविंदला सगळं उलगडत गेलं. दारात पाहुणा येणार म्हणून म्हातारीने घर सारवावं तसा खंजीर सारवून आणला होता. पंगतीत बसवायच्या आधी बापाला न्हाऊ घातलं होतं. आणि 'मी कालच' एवढं ती बोललीही होती.

"आता कुठाय तो?"

"त्यो?" भरत जरा ओशाळला. "चार दिवसांनी परत आनलान तिनं. म्हनली, खोटाच हाय तर निदान भाजी तरी कापू दे. इळी करून दिली. पन सर, पोलाद काय व्हतं! घन मारला की घंटा वाजल्यावानी वाजायचं. हितलं नाय वाटलं मला. त्येची पट्टी पडली असंल बगा भंगारात."

भंगाराचा डबा अरविंदने स्वतः उलटा केला. घोड्यांचे नाल, मोडके विळे, खिळे, आणि तळाशी ती बोटाएवढी आडवी पट्टी. बाहेरची बाजू भरतच्या चाकाने गुळगुळीत केलेली. आतली बाजू, मुठीच्या लाकडाला ऐंशी वर्षं चिकटून राहिलेली, काळीकुट्ट होती. त्या काळ्यात एक गरुड आणि खाली तीन आकडे ठोकलेले होते, कडा आत दबलेल्या, खोल. भिंग लावायची गरज नव्हती. आतल्या बाजूलाही कधीकधी छाप असतो, हे त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

संगिनींचे आकडे तिथेच टाकून, पट्टी खिशात घालून तो निघाला. वाटेत त्याला एकदा वाटलं, सांगू नये. म्हातारीने जे काय समजून घेतलंय ते घेतलंय, आता जखम कशाला उकरायची? पण हा विचार तिच्यासाठी नव्हता, स्वतःसाठी होता, हे त्याला खडकवण्याच्या वळणावर पोहोचायच्या आत कळलं.

तुळजाबाई ओटीवर भोपळा चिरत बसली होती. समोर विळी. पातं वाकवून पाटावर बसवलेलं, तरी अरविंदने ओळखलं. तिने त्याला पाहिलं, चिरणं थांबवलं नाही.

"या सर. बसा. आज हिकडं?"

त्याने पट्टी तिच्यापुढे धरली. काळ्यातला गरुड दाखवला. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. भरतने घासलं ते, आपण मूठ उघडली नाही ते, लोकांपुढे मिरवायच्या नादात तुमचं बोलणं तोडलं तेही. "खंजीर जर्मनच होता, मावशी. सखाराम खोटं बोलला नव्हता. चूक माझी. मी सरपंचाला लिहून देतो, दगडावर नाव घालायला लावतो."

ती पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली. "म्हंजी त्यो मेला?"

"हो."

"तितंच? नदीत?"

"तिथेच."

"आमाला टाकून नाय गेला."

"नाही, मावशी."

तिने मान हलवली. तिचा चेहरा निवळतोय असं अरविंदला वाटलं आणि त्याला सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात तिने भोपळ्याची फोड खाली ठेवली. "मी यंदा त्येचं पितर घातलं नाय वो."

अरविंद ओटीच्या कडेला टेकला.

"माजी आये घालायची, तिच्या मागं मी. लेकीनं घालू नाय म्हनतात, पन दुसरं व्हतं कोन? एक साल चुकवलं नाय. ह्या पितरपाखात म्हनलं, जित्त्या मानसाला, पळपुट्याला कसलं पितर? पान मांडलं नाय. वर शिव्या घातल्या. वंगाळ वंगाळ शिव्या घातल्या, सर." तिने दाराकडे पाहिलं. "म्हंजी बापूस आला असंल दाराशी, आनि उपाशी गेला. शिव्या खाऊन."

अरविंदला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण म्हातारी उठून आत गेली होती. चूल फुंकल्याचा आवाज आला. चिरलेला भोपळा तिने आत नेला. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात केळीचं पान होतं.

"तुमी बसा," ती म्हणाली.

मेलेल्या माणसाच्या नावाने पितृपक्षात कुणाला तरी जेवायला बसवतात. त्या दिवशी जेवणारा तो म्हणजेच मेलेलं माणूस. अरविंद दचकला. "मावशी, पितृपक्ष होऊन महिना झाला. आणि मी बौद्ध. आमच्यात हे पाळत नाहीत."

"मी तरी यंदा कुटं पाळलं?" तुळजाबाई म्हणाली. "बसा. तुमीच त्येला उपाशी धाडलाव, तुमीच जेवा."

त्यात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. अरविंदने हातपाय धुतले आणि पाटावर बसला. तिने पान मांडलं, भोवती पाणी फिरवलं, भात वाढला, वरण, भोपळ्याची भाजी. पानाला लवून नमस्कार केला. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईचं कपाळ आपल्यापुढे जमिनीला टेकलेलं त्याने पाहिलं आणि पहिला घास घेतला. तो गिळला, दुसरा घेतला. उष्टं टाकायची त्याची छाती नव्हती.

ती समोर बसून त्याच्याकडे टक लावून बघत होती. बाप गेला तेव्हा ती तान्ही होती. बापाचा चेहरा तिने कधी बघितलाच नव्हता, म्हणून कुठलाही चेहरा चालत असेल.

"बाबा," ती म्हणाली, "आनि भात वाडू?"

अरविंदने वर पाहिलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, समोर आईच्या वयाची बाई. त्याने पानात जागा केली.

"वाढ, पोरी."

तिने भात वाढला, वर तुपाची धार धरली, भांडं खाली ठेवलं, आणि पदर तोंडाला लावायचंही भान न राहून अशी ओरडून रडली की आजूबाजूची माणसं हातातली कामं टाकून धावत आली. अंगणात गर्दी झाली. शेजारीण दारात उभी राहून विचारू लागली, "काय झालं गो? कोन गेलं?"

"बापूस," तुळजाबाई म्हणाली. "माजा बापूस गेला गो."